माझ्या आवाजातली माय

नोव्हेंबर उलटला की आमच्या गिरणीच्या गोदामात विदर्भाच्या गाठी उतरायला लागतात. ट्रक कुठून आला हे मला विचारावं लागत नाही. गाठीच्या पट्ट्या तुटतात, आत दाबून बसवलेला कापूस हळूहळू फुगायला लागतो, झोपेतून उठलेलं माणूस अंग सैल करतं तसा, आणि त्यातून एक वास येतो. वाळल्या पऱ्हाटीचा, काळ्या मातीच्या धुळीचा, थोडा सरकीचा. इथल्या तमिळ पोरी म्हणतात, कापसाला कुठे वास असतो का! मी वाद घालत नाही. तोंडावरचा मास्क खाली ओढते, एक दमभर वास घेते आणि परत वर करते. मास्क काढायची परवानगी नाही, म्हणून सुपरवायझर मॅडम कुठे आहेत ते आधी पाहून घेते. सात वर्षं झाली कोइमतूरजवळच्या या गिरणीत, तरी नोकरी जाईल ही धास्ती काही जात नाही.

माझं काम कचरा वेचायचं. लांब टेबलावर उजेडाखाली कापूस पसरायचा आणि त्यात जे जे कापूस नाही ते काढून टाकायचं. पोत्याचा प्लास्टिकचा धागा, कोंबडीचं पीस, सुपारीची पुडी, कोणाच्या लुगड्याचा लाल दोरा. आणि केस. बाईचा एक लांब केस सुतात गेला तर पुढे पांढऱ्या कापडावर काळी रेघ उमटते, आणि तेवढ्यासाठी कापडाचा अख्खा तागा परत येऊ शकतो. नव्या पोरींना हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं. मला सांगावं लागलं नव्हतं. मी आले तेव्हा इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, तुला कसं माहीत? मी म्हणाले, माय मदर टोल्ड मी. एवढं एक वाक्य मी न अडखळता बोलले, आणि मला वाटतं त्या एका वाक्यावर मला ठेवून घेतलं.

"वैशे, डोक्याले बांध वं. केस गेला कापसात तं लोकाच्या लुगड्यावर निंघन."

हे ती रोज म्हणायची. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून, स्वतःच्या डोक्याला फडकं गुंडाळता गुंडाळता. आमचं स्वतःचं शेत नव्हतं. मोताळ्याच्या आसपास ज्याच्या वावरात कापूस फुटला असेल त्याच्या वावरात आम्ही दोघी. घरातही दोघीच. बाप मला फोटोतलाच माहीत.

मी नववीत असताना पावसाळ्याच्या शेवटी गावात तापाची साथ आली. मायचा ताप आठ दिवसांत उतरला, पण हातांची बोटं सुजून राहिली. तिला मूठ वळत नव्हती. भाकरीचा उंडा दोन्ही तळव्यांत धरून ती नुसती बसून राहायची. वेचणी तर तोंडावर आलेली. मी म्हणाले, बोटं बरी होईस्तोवर तुझ्या जागेवर मी जाते. मुकादमीण हो म्हणाली. बोटं कामापुरती बरी व्हायला फेब्रुवारी लागला, तरी ती थोडी वाकडीच राहिली. तोवर शाळेच्या हजेरीत माझ्या नावावर रेघ मारली गेली होती. मला फार वाईट वाटलं असं खोटं कशाला लिहू? इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायची वेळ आली की माझ्या घशात कोणी बोळा कोंबल्यासारखं व्हायचं. शाळा सुटली आणि तो बोळा सुटला, एवढंच तेव्हा कळलं. माय मात्र ते विसरली नाही. कोणी विचारलं, पोरगी शिकते का, तर म्हणायची, "माह्या हातापायी सुटली तिची शाळा." आणि आपली बोटं दाखवायची, जशी काही ती बोटंच गुन्हेगार.

म्हणून काही वर्षांनी तायडे मॅडमच्या क्लासला तिनेच मला ढकललं.

मॅडम मूळच्या आमच्याच गावच्या. पुण्यात कुठल्या तरी कॉलेजात शिकवायच्या. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून परत आल्या आणि विहाराशेजारच्या वाचनालयात त्यांनी आमच्यासारख्यांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. आमच्यासारखे म्हणजे अठरा ते पंचवीसचे, शाळा अर्धी सुटलेले, नाहीतर पूर्ण करूनही इंग्रजी घशात अडकलेले. वर्ग बाजाराच्या दिवशी दुपारी असायचा. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी, त्यामुळे सगळ्यांनाच जमायचं. बाहेर कांदे-मिरच्यांचा गलका, आत आम्ही पंधरा जण चटयांवर.

पुस्तक नव्हतंच. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातला जॉन आंघोळीला जातो, मार्केटला जातो, त्याचं आपल्याला काय करायचंय? तुम्ही रोज जे काम करता ते मला दाखवा. दोन मिनिटांचा व्हिडिओ. दोघादोघांनी मिळून करायचा. तोच आपला धडा."

मग दर बाजाराला एक जोडी आपला व्हिडिओ आणायची आणि मॅडम तो भिंतीवर दाखवायच्या. दाखवायची पद्धत त्यांची स्वतःची. पहिल्यांदा बिनआवाजाचा. जे दिसतं ते आपण बसल्या जागेवरून इंग्रजीत बोलायचं, एकाने एक वाक्य, चुकलं तरी चालेल. दुसऱ्यांदा आवाजासकट, मग करणाऱ्यांनी काय म्हटलंय ते ऐकायचं. जो शब्द कोणालाच आला नाही तो फळ्यावर जायचा. चुकीला कोणी हसलं तर पुढचं वाक्य हसणाऱ्याने बोलायचं. सागर नावाच्या पोराने ट्रॅक्टर कसा सुरू करायचा याचा व्हिडिओ केला होता. दोन मिनिटं झाली, ट्रॅक्टर काही सुरू झाला नाही. आम्ही सगळे ओरडत होतो, ट्राय अगेन! ट्राय अगेन, सागर! तो शब्द मी जन्मात विसरणार नाही. इथे मशीन अडकलं की अजून माझ्या तोंडून तोच निघतो, आणि शेजारची तमिळ पोरगी हसते, कारण मी तो ओरडून म्हणते.

माझी जोडी रुखसारशी. तिच्या अब्बांचं बाजाराच्या तोंडाशी गाद्यांचं दुकान. वाचनालयाला पडदे नव्हते, भिंतीवर चित्र दिसायला अंधार पाहिजे, म्हणून रुखसार दर वेळी दुकानातून चार गाद्यांच्या खोळी आणायची आणि आम्ही त्या खिडक्यांना बांधायचो. फोनही तिचाच. म्हणजे तिच्या भावाचा, वर्गापुरता आणि व्हिडिओपुरता तिच्याकडे. माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता. खोळीही तिच्या, फोनही तिचा. मी दर वेळी तिला काहीतरी द्यायचा प्रयत्न करायचे, बोरं, हरभऱ्याचा हुळा, आणि ती म्हणायची, "तू मले वाक्यं दे. मले वाक्यं सुचत नाई."

पहिला व्हिडिओ आम्ही तिच्या अब्बांचा केला, गादी कशी भरतात त्याचा. दुसरा माझ्याकडचा. कापूस कसा वेचतात.

सकाळी आठची वेळ होती. दहिवर अजून पानांवर. कापूस सकाळी वेचलेला बरा, पाला ओलसर असला की त्याचा चुरा कापसात जात नाही. हे मी आत्ता लिहिते आहे, पण हे वाक्य माझं नाही. त्या सकाळी माय हेच सांगत होती, फोन समोर धरलेल्या रुखसारला. कमरेला कापूस भरायची ओटी बांधलेली, दोन्ही हात दोन पऱ्हाट्यांवर, तोंड रुखसारकडे. ती बोलतच होती. बोंडाला ओरबाडू नये. पहिल्या वेचणीचा आणि शेवटच्या वेचणीचा एकत्र करू नये. "लेकराच्या हातातून वस्तू घेते न आपन, तसा घ्याचा. बोंड रडलं नाई पायजे." रुखसार खुदुखुदु हसत होती, फोन हलत होता.

आणि मी घाबरत होते. कशाला, ते आज सांगताना लाज वाटते. वर्ग इंग्रजीचा. व्हिडिओ भिंतीवर लागणार. पंधरा जणांत दोघे पुण्याला राहून आलेले, ते आमच्या बोलण्याची नक्कल करून दाखवायचे, 'करून राह्यली, जाऊन राह्यली' असं लांबवून. त्यांच्यासमोर माझी माय दोन मिनिटं ते बोलणार. मी धुऱ्यावरून म्हणाले, "माय, तू बोलू नोको. तुह्यं बोलनं येते त्याच्यात."

ती थांबली. रुखसारकडे वळून काहीतरी म्हणाली. मग गप वेचायला लागली, पण थोड्या वेळाने सवयीने तिचे ओठ परत हलायला लागले.

संध्याकाळी रुखसारच्या दुकानात गाद्यांच्या ढिगावर बसून आम्ही तो व्हिडिओ नीट केला. फोनमध्ये अशी सोय होती की चित्र ठेवून आवाज पुसता यायचा आणि वर आपला आवाज भरता यायचा. मी चार दिवस पाठ केलेली वाक्यं भरली. धिस इज माय मदर. शी इज पिकिंग कॉटन. कॉटन इज व्हाइट. फार्मर इज हॅपी. ती तिकडे बोंड रडू नये म्हणून सांगत होती, आणि तिच्या तोंडावर मी म्हणत होते, कॉटन इज व्हाइट.

रुखसारने विचारलं, "पयलेवाला ठू का? मेमरी फुल झाली. काहीतरी काढा लागन."

"काय काय आहे?"

"भाईच्या लग्नाचे फोटो आहे. ते काढले तं भाई मले काढन घरातून."

"मंग हा काढ," मी म्हणाले. "आपला झाला न तयार."

तिने बोट ठेवलं. एवढंच. आवाजसुद्धा झाला नाही.

पुढच्या बाजारी आमचा व्हिडिओ लागला. पहिल्यांदा बिनआवाजाचा. सगळे एकेक वाक्य टाकत होते. शी इज स्टँडिंग. शी हॅज अ बॅग ऑन हर स्टमक, त्यावर सगळे हसले. कोणी तरी म्हणालं, शी इज टॉकिंग. मॅडमनी विचारलं, "यस. अँड व्हॉट इज शी सेइंग?" कोणाला सांगता आलं नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग दुसऱ्यांदा, आवाजासकट, आणि भिंतीवरून माझा आवाज आला.

तेवढ्यात दाराशी सावली पडली. बाजाराची पिशवी घेऊन माय उभी होती. मेथीची जुडी वर आलेली. ती आधी भिंतीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत भिंतीकडे. तिथे तिचे ओठ हलत होते आणि माझं इंग्रजी बाहेर पडत होतं.

"हे तं मी आहो!" ती म्हणाली. मग मोठ्याने हसली. "अवं, माह्या तोंडातून इंग्रजी निंघून राह्यली!"

अख्खा वर्ग हसला. मॅडमही. ती पिशवी खाली ठेवून दारातच बसली आणि म्हणाली, अजून एकदा लावा. मॅडमनी लावला. त्यानंतर महिनाभर वावरात आमच्या पाटीतल्या, वेचणीच्या टोळीतल्या, बाया तिला हाक मारायच्या, "ओ मडम, पानी घ्या." आणि ती फडकं सावरून म्हणायची, "थँकू."

मला ते आठवलं की दोन्ही होतं. हसूही येतं. आणि मग दिसतात तिचे नुसते हलणारे ओठ.

वर्ग सुटल्यावर खोळी सोडताना मॅडम माझ्याजवळ आल्या. "वैशाली, आईचा आवाज कुठे गेला?"

"मॅडम, ती आपल्या भाषेत बोलत होती."

मॅडमनी खोळीची घडी घातली. "हं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी राहू दे. इंग्रजी तू नंतर बोल. आधी त्यांचं ऐकू येऊ दे."

पुढची वेळ आलीच नाही. फेब्रुवारीत कापूस संपला, पऱ्हाट्या उपटून जळणाला गेल्या. एप्रिलमध्ये गिरणीची माणसं पोरी घ्यायला आली, राहायला खोली, जेवण, आणि जिला थोडं इंग्रजी बोलता येतं तिला आधी. मॅडमनी माझ्यासाठी एक पत्र लिहून दिलं. मायने मलकापूरच्या स्टेशनवर गाडी हलताना खिडकीतून माझ्या हातात एक पुरचुंडी कोंबली. त्यात भाजलेले शेंगदाणे असतील असं मला वाटलं होतं. शेंगदाणेच होते, पण खाली तिचं ते डोक्याला बांधायचं फडकं. "तिथंबी कापूसच हाये न," ती म्हणाली.

मी जी इथे उभी आहे ती या तीन बायकांमुळे. एकीने शिकवलं, एकीने फोन दिला, एकीने ढकललं. उपकार हा शब्द मला मोठा वाटतो, पण दुसरा माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. कावीळ झाली, ती तिने अंगावर काढली, फोनवर मला नुसतं म्हणायची, जेवन जात नाई जरासं. मी दोन गाड्या बदलून पोचले तेव्हा बायांनी तिला आंघोळ घालून ठेवली होती. बोटं सरळ होती. इतक्या वर्षांत मी तिची बोटं इतकी सरळ पाहिली नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाटीतल्या सगळ्या बाया आल्या. वंदना झाली, जेवणं झाली. मग यशोदामावशी, जिने मायच्या शेजारच्या ओळीत तीस वर्षं कापूस वेचला, ती म्हणाली, "वैशाली, तुह्यापाशी तो शिनेमा हाये न तिचा? दाखव न." मी पहिला फोन घेतला तेव्हा रुखसारने तो मला पाठवला होता. मी फोन काढला. बाया भोवती दाटल्या. मी लावला. धिस इज माय मदर. शी इज पिकिंग कॉटन.

सगळ्या बघत होत्या. कोणी पदर डोळ्याला लावला. संपल्यावर यशोदामावशीने माझ्या हातातला फोन घेतला, उलटा करून पाहिला, जसं काही आवाज मागे कुठे अडकला असेल. "अन हिचा आवाज कुठीसा आहे वं?" तिने विचारलं. "हे तं तूच आहे."

तिने काही टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की आवाज असेल.

फोनवर आम्ही सात वर्षांतली पाच वर्षं रोज बोललो. एकही बोलणं मी साठवून ठेवलं नाही. कशाला ठेवायचं, उद्या परत बोलणारच होतो. तिला संदेश पाठवता येत नव्हते, ती फक्त हिरवं बटण ओळखायची. म्हणजे या जगात माझ्या मायचा आवाज कुठेच नाही. होता तो दोन मिनिटांचा, तो मी पुसायला लावला.

तेव्हापासून मी तो व्हिडिओ तीन ठिकाणी ठेवला आहे. फोनमध्ये, एका छोट्या कार्डावर, आणि मॅडमकडे. तरी महिन्यातून एकदा उघडून बघते, उघडतो की नाही. आणि रविवारी दुपारी, होस्टेलच्या पोरी बाजारात गेल्या की मी मॅडमची ती जुनी पद्धत करते. बिनआवाजाचा लावते आणि बोलते. इंग्रजीत नाही. तिच्यासारखं. डोक्याले बांध वं. पाला नोको येऊ देऊ. लेकराच्या हातातून वस्तू घेते न आपन. तिचे ओठ हलतात त्या त्या जागी मी ते टाकत जाते, आणि बहुतेक बसतं. ही वाक्यं तिने मला हजार वेळा म्हटलेली, ती कुठे जातील?

एकच जागा रिकामी राहते. एक मिनिट दहा सेकंदाला ती रुखसारकडे वळते, पदराचं टोक तोंडाला लावते, आणि काहीतरी म्हणते. ओठ दिसत नाहीत. फक्त पदर हलतो. माझ्या 'बोलू नोको'च्या नंतरचं ते. मी धुऱ्यावर होते, वारा होता, मला ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ऐकलं नसेल. त्या पदराआड ती हसली होती की तिला लागलं होतं, हे जगात एकच माणूस सांगू शकत होतं, आणि त्या माणसाचा नंबर माझ्याकडे होता. दोन वर्षं मी तो लावला नाही. म्हणजे लावायचे, ईदला, तिला पोरगी झाली तेव्हा. पण हे विचारलं नाही. तिने सांगितलं असतं की लागलं होतं, तर पुढे मी काय केलं असतं?

यंदा गाठी आल्या त्याच आठवड्यात गिरणीत ओडिशाच्या बावीस पोरी नव्याने आल्या. सुपरवायझर सेल्वी मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, कचरा कसा वेचायचा त्याचा एक छोटा व्हिडिओ कर, तू इंग्रजी बोलतेस, नव्या पोरींना दाखवू. मग मी झुनूला विचारलं. झुनूही ओडिशाचीच, तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर आहे, तिची बोटं मशीनसारखी चालतात. मी फोन धरला, ती वेचत होती आणि वेचता वेचता आपल्या भाषेत बोलत होती. मला त्यातले दहा शब्द कळले असतील. एकदा तिने लांब केस उचलून उजेडात धरला, आपल्या डोक्यावरच्या टोपीवर बोट मारलं आणि काहीतरी रागाने बोलली. ते मात्र मला सगळं कळलं.

सेल्वी मॅडमनी पाहिला. इथे आमचं आपसातलं बोलणं मोडक्या इंग्रजीतच चालतं. "गुड," त्या म्हणाल्या. "हिचा आवाज काढून टाक. तुझा टाक. साफ येईल."

मी म्हणाले, "नो, मॅडम."

मी त्यांना कधी नो म्हटलेलं नाही. मला वाटलं आता संपलं, आता मलकापूरचं तिकीट. "नो, मॅडम. हर व्हॉइस फर्स्ट. देन माय व्हॉइस." पुढे काय बोलले ते नीटसं आठवत नाही. नव्या पोरी हिच्याच भाषेतल्या आहेत, त्यांना हिचं लवकर कळेल, असं काहीतरी बोलले. ते खरंही होतं.

सेल्वी मॅडमनी फोन माझ्या हातात परत दिला. "ओके, ओके," त्या म्हणाल्या. "बट व्हाय आर यू क्रायिंग?"

त्या रविवारी दुपारी मी रुखसारला फोन लावला. ती आता नांदुऱ्याला असते, तिथेही सासरचं गाद्यांचंच दुकान.

"तुले तो व्हिडिओ आठवते का? कापसाचा?"

"कोनता, 'कॉटन इज व्हाइट'वाला?" ती हसायला लागली. "आमच्या घरात अजूनबी चालते ते. पोरीले दूध देते तं म्हनते, मिल्क इज व्हाइट, पी गुमान."

"त्याच्यात एका जागी माय तुह्याकडे पाहून काहीतरी म्हनते. पदर लावून तोंडाले."

मागे कोणीतरी गादीवर काठी मारत होतं, धप्प, धप्प. तिने दार लोटल्याचा आवाज आला आणि ते बंद झालं.

"आता काऊन पुसून राह्यली?"

"आठवते का नाई, तेवढं सांग."

"आठवते न. मीच तं होती समोर. तू वरडली होती धुऱ्यावरून, बोलू नोको म्हनून. जरा जोरातच वरडली होती वं."

"हाव."

"मंग ते माह्याकडे वळली अन म्हने, बरं बापा. मी मुकी. आता बोलन तं माही पोरगीच बोलन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? वैशाली?"

"हासत होती का?"

"हासत होती न."

"नक्की?"

रुखसारने लगेच हो म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण माझा विश्वास बसला नसता. तिने वेळ घेतला. "खरं सांगू? तोंड झाकलेलं होतं तिचं," ती म्हणाली. "डोये हासत होते. मले तं तसंच दिसलं. आता आठ वर्सं झाली, मी काय सांगू बाप्पा." आणि मग, "तू रडू नोको. थांब, पोरीले देते फोन." आणि एक बारीक आवाज कानाशी आला, घाईघाईत, पढवल्यासारखा. मिल्क इज व्हाइट.

या रविवारी पुन्हा होस्टेल रिकामं झाल्यावर मी फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला. आवाज बंद केला. ती आली, ओटी बांधलेली, दोन्ही हात दोन पऱ्हाट्यांवर. मी तिचं बोलायला लागले. डोक्याले बांध. ओरबाडू नोको. एक मिनिट दहा सेकंदाला ती वळली. आता मला ते वाक्य माहीत होतं. ओठांवर आलं होतं.

मी ते म्हटलं नाही. पदर हलला, थांबला. तेवढा वेळ मी गप बसले.

मग ती परत पऱ्हाटीकडे वळली, तिचा हात पुढच्या बोंडावर गेला, आणि मी पुढचं वाक्य घेतलं.